"वोग्ग्यु मु मान्जु": कालाब्रियातल्या एका प्रश्नावलीचं प्रकरण

इटलीत भाषाशास्त्राचं मास्टर्स करताना फील्डवर्कमध्ये आमच्याकडून एक चूक झाली, ती कशी लक्षात आली आणि पुढे आम्ही काय केलं ते सविस्तर लिहितेय. गाव, युनिव्हर्सिटी आणि माणसं कुठली ते सांगत नाही. बोलीतली वाक्यं देवनागरीत जमेल तशी लिहिलीयत, उच्चार थोडे इकडेतिकडे होतील.

पार्श्वभूमी

विषय होता क्रियापदाची पूरकं. म्हणजे "मला अमुक करायचंय", "त्याने अमुक करावं असं वाटतं", "मला माहितीये की..." अशा वाक्यात मुख्य क्रियापदाच्या पोटात जे दुसरं वाक्य किंवा दुसरं क्रियापद येतं, ते.

शाळेतल्या, टीव्हीवरच्या प्रमाण इटालियनमध्ये हे सरळ आहे. मलाच खायचं असेल तर "वोल्यो मान्जारे", यात दुसरं क्रियापद इनफिनिटिव्ह, म्हणजे ज्याला ना पुरुष ना काळ असं मूळ रूप. दुसऱ्याने खावं असं असेल तर "वोल्यो के मान्जि", यात "के" हा आपल्या "की" सारखा जोडशब्द आणि पुढे क्रियापदाचं वेगळं रूप. मराठीतसुद्धा आपण हा फरक करतोच, "मला खायचंय" वेगळं आणि "तू खावंस असं मला वाटतं" वेगळं.

पण इटलीच्या बुटाच्या टोकाला, म्हणजे दक्षिण कालाब्रियात गेलात की हे चित्र पालटतं. तिथे "मला खायचंय" हे "वोग्ग्यु मु मान्जु", शब्दशः "मला हवंय मु मी-खातो". "तू खावंस" हे "वोग्ग्यु मु मान्जि" आणि "त्याने खावं" हे "वोग्ग्यु मु मान्जा". कर्ता एकच असो की वेगळा, साचा तोच, "मु" आणि पुढे साध्या वर्तमानकाळाचं चालवलेलं क्रियापद. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं तरी "मु" च्या पुढचं वर्तमानातच राहतं, "वुलिया मु मान्जु", मला खायचं होतं. हा "मु" लॅटिनच्या "मोदो" म्हणजे "आत्ता, नुकतं" या शब्दापासून आलाय. रेज्जो आणि समुद्रापलीकडे सिसिलीतल्या मेस्सिनाकडे तो "मि" होतो, कातान्झारोकडे "मा". आणि "मला माहितीये की तो येतोय" या प्रकारच्या वाक्याला "मु" चालतच नाही, तिथे "का" लागतो. म्हणजे जे घडतंय ते सांगायला एक जोडशब्द आणि जे घडावं असं वाटतं त्याला दुसरा. वर बुटाच्या टाचेला, पुलियात सालेन्तोकडेही अशीच जोडी आहे, तिथे "का" आणि "कु".

हे नकाशावर आणणाऱ्यांत जर्मन भाषाशास्त्रज्ञ गेरहार्ड रोल्फ्स (१८९२–१९८६) यांचं नाव आधी घ्यावं लागतं. याबर्ग आणि युड यांचा इटली आणि दक्षिण स्वित्झर्लंडचा भाषिक अ‍ॅटलास १९२८ ते १९४० मध्ये आठ खंडांत निघाला, त्याच्यासाठी दक्षिणेत गावोगाव फिरून माहिती रोल्फ्स यांनीच गोळा केली. निकास्त्रो, कातान्झारो, क्रोतोने या गावांवरून जाणारी एक रेघ ते सांगतात, तिच्या खाली इनफिनिटिव्ह लोकांना फारसा आवडत नाही. कारण काय, तर ग्रीक. या भागात शतकानुशतकं ग्रीक बोलली गेलीये आणि आस्प्रोमोन्ते डोंगरातल्या थोड्या गावांत अजून ती बोलणारे आहेत. त्यांच्या ग्रीकमध्ये "मला खायचंय" हे "थेलो ना फाओ", म्हणजे तोच साचा, फक्त "मु" च्या जागी "ना". ही ग्रीक प्राचीन वसाहतींपासूनची की नंतरच्या बायझंटाईन काळातली यावर रोल्फ्स आणि इटालियन विद्वान वर्षानुवर्षं भांडले, त्या वादात शिरत नाही.

मला हे वाचून सांगलीजवळचं कुपवाड आठवलं. गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवलं होतं की तिथे कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्यांचे शब्द आपापले राहिलेत पण वाक्यं मात्र इतकी जुळत गेलीत की एका भाषेतल्या वाक्यात जवळजवळ शब्दाला शब्द घालून दुसरीचं वाक्य तयार होतं. कालाब्रियातही शब्द लॅटिनचे आणि साचा ग्रीकसारखा. म्हणून मी हा विषय उचलला. वर्गातल्या एका मैत्रिणीची आजी तिथल्याच एका डोंगराळ गावात राहते, मैत्रीण लहानपणी दर उन्हाळ्यात तिकडे असायची, तिला बोली समजते पण बोलताना अडखळते. आम्ही दोघींनी मिळून ऑगस्टमध्ये जायचं ठरवलं.

अडचण कुठे झाली

आम्ही प्रश्नावली करून नेली होती. इटालियन वाक्यं, प्रत्येक मोठ्याने वाचायचं, समोरच्याने बोलीत सांगायचं. ही पद्धत काही आम्ही शोधलेली नाही, पादोव्हा युनिव्हर्सिटीच्या प्रकल्पात उत्तर-दक्षिण इटलीच्या बोलींचा वाक्यरचनेचा मोठा साठा याच पद्धतीने, इटालियन वाक्यं भाषांतराला देऊन जमवलाय आणि त्याचा उपयोग प्रचंड झालाय. त्यामुळे शंका घ्यावी असं आम्हाला वाटलंही नाही.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नोन्ना, म्हणजे मैत्रिणीची आजी, समोर आम्ही दोघी. मैत्रीण वाचते, "वोल्यो मान्जारे". नोन्ना विचार करून म्हणते, "वोग्ग्यु मान्जारि". पुढचं वाक्य, तेही इनफिनिटिव्ह. त्याच्या पुढचं, तेही. वेगळा कर्ता असलेल्या वाक्यात "मु" आला पण "मला अमुक करायचंय" या प्रकारात एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरं केली, तीच गत. संध्याकाळी आम्ही खूश होतो खरं सांगायचं तर, कारण वाटलं की काहीतरी नवीन मिळालं, रोल्फ्सच्या काळातला "मु" आता निम्म्याने गेलाय, इटालियनने इनफिनिटिव्ह परत आणलाय, प्रबंधाचं पहिलं वाक्य तर मी मनात लिहूनही टाकलं होतं.

आणि फसायला कारणही होतं. "वोग्ग्यु मान्जारि" ऐकायला अजिबात इटालियन वाटत नाही. उच्चार बोलीतले, शेवटचा स्वर बोलीतला, आणि पालेर्मोकडच्या सिसिलियनमध्ये तर हे रोजचं साधं वाक्य आहे. म्हणजे त्यांनी इटालियन बोलून दाखवलं असतं तर आम्ही लगेच थांबवलं असतं, पण हे बोलीच होतं, फक्त ते वाक्य त्या घरात एरवी कुणी बोलत होतं का हे आम्ही तपासलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रश्नावली चालू असताना नोन्ना मधेच उठली, खिडकीतून शेजारणीला ओरडून सांगितलं, "वायु मु क्कात्तु उ पानि", पाव आणायला जातेय. परत येऊन बसली आणि आम्ही कागदावरचं पुढचं वाक्य वाचलं, "मी पाव विकत घ्यायला जातेय" याचंच इटालियन, ते यादीत होतंच. नोन्नाने शांतपणे इनफिनिटिव्हने भाषांतर करून दिलं. पाच मिनिटांचं अंतर, तीच बाई, तोच पाव.

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही त्या दिवशीचं काम तिथेच थांबवलं.

मराठी वाचकाला हे एका उदाहरणात कळेल. कुणी कोल्हापुरात येऊन माझ्या आजीला हिंदीत विचारलं, "मैं खाना चाहता हूँ, याला मराठीत काय म्हणाल", तर ती कदाचित "मी खाऊ इच्छितो" म्हणेल. चुकीचं नाहीये. पण आजीने जन्मात कधी भूक लागल्यावर "मी खाऊ इच्छिते" म्हटलेलं नाही, ती "मला जेवायचंय" म्हणते, ज्यात कर्ताच बदलून "मला" होतो. प्रश्नाचा साचा उत्तरात उतरतो. आम्ही इनफिनिटिव्ह देत होतो आणि इनफिनिटिव्हच परत घेत होतो.

काय काय पर्याय होते

त्या रात्री ओट्यावर बसून आम्ही बराच वेळ बोललो. प्रश्नावली तशीच पूर्ण करायची आणि प्रबंधात एक टीप टाकायची, हा सगळ्यात सोपा मार्ग होता, दिवस कमी होते, आणि बाकी लोकांचे आकडे याच पद्धतीने आलेत त्यामुळे तुलना करता आली असती. मला तो मोह झाला होता हे लिहून ठेवते.

मैत्रिणीचं म्हणणं होतं की वाक्यं तिने बोलीतच विचारावीत. पण मग ती "वोग्ग्यु मु मान्जु, असं म्हणतेस ना?" विचारणार आणि आजी नातीला हो म्हणणार. हाही साचा देणंच झालं, फक्त उलट दिशेने.

दोन वाक्यं समोर ठेवून "यातलं कुठलं म्हणता" असं विचारणं, हा तिसरा. इथे लाज आडवी येते. त्या पिढीला शाळेत बोलीवरून बोलणी बसलेली, त्यामुळे "कुठलं म्हणता" याचा अर्थ त्या "कुठलं बरोबर" असा घेतात आणि इटालियनच्या जवळचं वाक्य निवडतात. घरीच एकदा करून पाहिलं, अगदी तसंच झालं.

मग उरलं मोकळं बोलणं रेकॉर्ड करणं. यात जे येतं ते खरं, पण तुम्हाला हवं ते येईलच असं नाही. "मला हवंय", "जातेय", "सांग त्याला" ही क्रियापदं भरपूर येतात, पण "विसरलो", "प्रयत्न केला", "थांबवलं" यांची पूरकं तासभर ऐकूनही एखादंच हाती लागतं. आणि "हे वाक्य होऊच शकत नाही" हे मोकळ्या बोलण्यातून कधीच कळत नाही.

फोनवर आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना विचारलं तर त्यांनी वेगळाच प्रश्न टाकला, की "वोग्ग्यु मान्जारि" हे इटालियनमुळेच आलं असं तुम्ही कशावरून धरताय? दक्षिण कालाब्रियात इनफिनिटिव्ह आणि "मु" दोन्ही शेजारी शेजारी जुन्या काळापासून नांदत असतील असं मानणारेही अभ्यासक आहेत. म्हणजे पहिल्या दोन दिवसांची वाक्यं कचऱ्यात टाकणं हीसुद्धा घाईच झाली असती. हा मुद्दा मला त्या क्षणी आवडला नाही, पण तो बरोबर होता.

मग काय केलं

ठरलं असं. मुख्य आधार मोकळं बोलणं. जे त्यात मिळणार नाही त्याच्यासाठी प्रसंग सांगून वाक्य काढायचं, म्हणजे हवं ते वाक्य आपण उच्चारायचंच नाही, "नातू दारात उभाय, पोळी गार होतेय, काय सांगाल त्याला?" असं. पसंती-नापसंतीचे प्रश्न अगदी शेवटच्या दिवशी. आणि पहिली प्रश्नावली फेकायची नाही, तिचा वेगळा तक्ता.

पण मोकळं बोलणं मोकळं होईना. नोन्ना नातीशी इटालियनमध्येच बोलायची, तिकडचे बहुतेक आजी-आजोबा मुलांशी तसंच बोलतात, मुलांचं शाळेत नुकसान होऊ नये म्हणून. माझ्याशी तर आणखीच जपून, हळू, स्वच्छ इटालियनमध्ये, परक्या मुलीला समजावं म्हणून, त्यात तिचं प्रेमच होतं. दोन दिवस मी तिथेच बसून राहिले, वाटायचं की सवय होईल. नाही झाली. शेवटी मैत्रिणीने सुचवलं की दोन म्हाताऱ्या मैत्रिणींना एकमेकींशी बोलू द्या आणि आपण तिथून उठू या.

योगायोग असा की तो टोमॅटोचा आठवडा होता. ऑगस्टमध्ये तिकडे घरोघरी वर्षभराचा टोमॅटोचा रस बाटल्यांत भरतात, पहाटेपासून सगळं घर, शेजारी, जावा-नणंदा अंगणात. टोमॅटो धुवायचे, उकडायचे, यंत्रातून काढायचे, बाटल्या भरायच्या, मग मोठ्या पिंपात कापडं मधे घालून त्या एकमेकींवर आपटू नयेत अशा रचायच्या आणि खाली जाळ करून उकळायच्या, आणि रात्रभर त्याच पाण्यात गार होऊ द्यायच्या. आपल्याकडे वाळवणाच्या दिवसात गच्चीवर कुरडया घालताना जशा बायका बोलतात ना, अगदी तसं वातावरण. सगळ्यांना आधी विचारून, परवानगी घेऊन, रेकॉर्डर कट्ट्यावर ठेवला. मी बाटल्या पुसायला बसले, लांब, नळाशी.

आणि "मु" चा पाऊसच पडला. "दिंचि मु वेनि", सांग त्याला यायला. कुणी जाळ बघायला चाललंय, कुणी झाकणं आणायला, प्रत्येक जाण्याबरोबर "वायु मु". कुणाला वर पाठवायचं तर मुख्य क्रियापदाशिवाय नुसतं "मु वेनि!", येऊ दे त्याला. पोरगं पिंपाशी गेलं तर, "स्ताति अत्तेन्तु नोम्मु कादि!", जप, पडशील.

हे शेवटचं वाक्य आमच्या यादीत नव्हतं आणि सगळ्यात जास्त शिकवलं त्यानेच. "नोम्मु" म्हणजे "नोन" अधिक "मु". नकार आधी आणि "मु" नंतर, थेट क्रियापदाला चिकटून. "मु" जर "की" सारखा नुसता जोडशब्द असता तर तो वाक्याच्या तोंडाशी असायला हवा होता, "की नाही पडत" असा, मराठीतही "की" च्या आधी त्याच वाक्यातला "नाही" येत नाही. इथे तो आत सरकलाय. म्हणून "मु" हा खरा जोडशब्द की क्रियापदाचा भाव दाखवणारा कण, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि तो वाद पुस्तकात वाचताना मला कोरडा वाटला होता. पिंपाशेजारी तो एका आजीच्या ओरडण्यात ऐकला तेव्हा कळला.

निघालं काय

एक, वेगळ्या कर्त्याच्या वाक्यात कुठल्याही पद्धतीने विचारा, "मु" च येतो. दोन, एकाच कर्त्याच्या वाक्यात पद्धतीवर सगळं अवलंबून, भाषांतरात इनफिनिटिव्ह, अंगणात "मु", प्रसंग सांगून विचारलं तर मधलं काहीतरी, पण "मु" कडे झुकणारं.

तीन, "शकणे" या क्रियापदाला "मु" कुठेच आला नाही. "पोत्सु मान्जारि", मी खाऊ शकते, हे भाषांतरातही इनफिनिटिव्ह आणि टोमॅटोच्या गडबडीतही इनफिनिटिव्हच. शेवटच्या दिवशी "पोत्सु मु मान्जु" म्हणून पाहिलं तर नोन्ना हसली, असं कोण बोलतं. मला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो, कारण इटलीतल्या ग्रीकमध्येही, जिथे इनफिनिटिव्ह बाकी जवळजवळ सगळीकडून गेलाय, तिथे तो नेमका "शकणे" च्या जोडीला टिकून राहिलाय. दोन वेगळ्या भाषा आणि अपवादही तोच. आणि आमच्या पद्धतीबद्दलही हा एक दिलासा होता, जिथे बोलीतच इनफिनिटिव्ह आहे तिथे दोन्ही पद्धती एकच उत्तर देतात.

चौथी गोष्ट जरा अडचणीची. अंगणात नोन्नाचा धाकटा भाचा होता, चाळिशीच्या आतला, तो मोकळ्या बोलण्यातही "वोग्ग्यु" नंतर कधी "मु" तर कधी इनफिनिटिव्ह वापरत होता, त्याला कुणी काही विचारलेलं नसताना. म्हणजे इनफिनिटिव्ह हा फक्त आमच्या कागदाने तयार केलेला भास नाही, तो बोलीत आहे. जुना की नवा, ते एका अंगणातून ठरवता येत नाही. मी मनात लिहिलेलं ते पहिलं वाक्य प्रबंधात आलं नाही, त्याच्या जागी दोन तक्ते आले आणि कुठली नोंद कुठल्या पद्धतीने मिळाली त्याचा रकाना. परीक्षकांपैकी एकांना निष्कर्ष फार सावध वाटला. मला आजही तो तेवढाच सावध असायला हवा होता असं वाटतं.

आता केलं तर वेगळं काय करेन

पहिल्या दिवशी कागदच काढणार नाही. दोन-तीन दिवस नुसतं ऐकायचं, मग ठरवायचं काय विचारायचं ते. आमची यादी पुस्तकं वाचून केलेली होती, त्यामुळे तिच्यात पुस्तकात असलेलंच होतं, नकाराची वाक्यं जवळपास नव्हतीच, आणि "मला हवंय" ची उदाहरणं गरजेपेक्षा तिप्पट.

खिडकीतलं ते पावाचं वाक्य माझ्याकडे रेकॉर्ड नाहीये. यंत्र बंद होतं कारण "मधेच उठली" म्हणून मी पॉज दाबला होता. वहीत तारखेसकट लिहिलंय, नोन्नाला नंतर विचारून वापरायची परवानगीही घेतली, पण आवाज नाही. आता मी कुणी उठलं, कुणी दार वाजवलं, फोन आला, तरी यंत्र चालू ठेवते, अर्थात सुरुवातीलाच तसं सांगून आणि नको असेल तो भाग पुसायची सोय ठेवून.

मैत्रिणीला "बोली समजते" म्हणजे ती बोलीतली सहकारी आहे असं मी धरून चालले, हेही चुकलं. तिच्यावर ताण आला, आजीसमोर अडखळत बोलताना ती दोनदा रडकुंडीला आली होती. गावातल्याच, रोज बोली बोलणाऱ्या कुणाला तरी सुरुवातीपासून बरोबर घ्यायला हवं होतं, आणि त्या व्यक्तीला कामाचे पैसे द्यायला हवे होते.

आणि वेगळ्या कर्त्याची वाक्यं मी जरा गृहीत धरली, तिथे सगळीकडे "मु" आला म्हणून पुढे खणलं नाही. आता वाटतं की कर्ता नाव घेऊन आला, "मारियाने यावं असं मला वाटतं", तर "मारिया" "मु" च्या आधी बसते की नंतर, हे विचारायला हवं होतं, कारण "नोम्मु" ने जो प्रश्न उभा केला त्याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. रेकॉर्डिंगमध्ये अशी वाक्यं मोजकीच आहेत आणि त्यात नाव बहुतेक वेळा शेवटी टाकलेलं.

मैत्रीण या ऑगस्टमध्ये परत चाललीये. नावं आधी येणारी प्रसंगांची यादी मी करून दिलीये, इटालियनमध्ये एकही वाक्य न लिहिता, नुसती चित्रं आणि प्रसंग. नोन्नाने फोनवर एवढंच सांगितलंय की बाटल्या पुसायला कुणीतरी लागेल.